काचेआडची रोमन बाई

तेरच्या वस्तुसंग्रहालयात ती म्हातारी भाजीवाली दर बाजारच्या दिवशी यायची. भाजीची रिकामी पाटी दाराशी ठेवायची, चपला काढायची आणि एकाच कपाटापुढे बसायची. आत बाईचं मातीचं छोटं मुंडकं होतं. खालच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘रोमन स्त्री’. ती काचेवर कुंकवाचं बोट टेकवायची आणि पहारेकरी ते पुसायचा.

“मावशे, ही परदेशी बाई हाय.”

“आसंल की. दुष्काळात माणसं कुठंबी जात्यात.”

पत्नी गेल्यापासून शाळा सुटली की मीही रोज तिथेच जाऊन बसत असे. तिथे शांत असतं, असं मी घरी सांगायचो.

एकदा तिने आपणहून सांगितलं. मोठ्या दुष्काळात तिची लेक वारली. लेकीची प्रतिमा म्हणून देव्हाऱ्यात चांदीचा टाक बसवायची ऐपत नव्हती. शेतात टाकायला गावच्या पांढरीची, जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती खणताना हे मुंडकं निघालं. तिने तेच टाकाच्या जागी पुजलं. पुढे साहेब आले आणि प्राचीन ठेवा म्हणून लेक घेऊन गेले.

मीही माझं सांगितलं.

“मग मालकिणीचा टाक केला का, गुरुजी?”

“आम्ही असलं काही मानत नाही.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग कपाटाकडे.

“मग रोज हितं कुणाला बघाय येता?”

मी ती चिठ्ठी पुन्हा वाचली. पहारेकरी फडकं घेऊन आला, तेव्हा मीच म्हणालो, “आज राहू द्या.”