आईंचे पाय आणि माझी कात्री

एका म्हाताऱ्या बाईचे दोन्ही पाय मी भर सभेत कात्रीनं कापले आणि वर टाळ्या घेतल्या. दचकू नका, चहा ओता आधी. ही गोष्ट मी स्वतःहून कोणाला सांगत नाही. पण आमची ही कधी ना कधी तुम्हाला सांगणारच आहे, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेली बरी!

तेव्हा हिच्या नोकरीचं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नुकतेच दिल्लीतल्याच द्वारकेला राहायला आलो होतो. तेव्हाची द्वारका म्हणजे रुंद रस्ते, त्यांवर गायी. आठमजली इमारती, त्यांत लिफ्टची नुसती पोकळी. आणि घरोघर चकचकीत नळ, त्यांत हवा! सकाळी वीस मिनिटं पाणी यायचं, बाकी सगळा टँकरचा कारभार. पण बाजार खुला झाला होता ना! त्यामुळे पाणी नसलेल्या प्रत्येक घरात रंगीत टीव्ही होता आणि प्रत्येक खुंटीला एक कॅमेरा.

मी एका मराठी दैनिकाचा दिल्लीतला बातमीदार. वीस-बावीस वर्षं संसदेच्या पायऱ्या झिजवलेला. मला बघून मंत्री जिना बदलायचे, जिना! आणि एक दिवस आमच्या संपादकांचा मुंबईहून फोन आला. ‘टिपणीस, तुमचा संसदेचा स्तंभ आता निम्मा. उरलेल्या जागेत वाचकांनी काढलेले फोटो. लोकांना आता हसरे चेहरे हवेत.’

माझं डोकंच फिरलं. त्या रागात सोसायटीच्या सभेत मी ओरडलो, ‘छापा! जरूर छापा! पण लोकांना आधी धड फोटो काढायला तरी शिकवा!’

आमचे सेक्रेटरी खन्ना म्हणजे सतत कोणाला तरी कामाला लावायच्या शोधात असलेला माणूस. ते लगेच म्हणाले, ‘अरे वाह टिपणीसजी! चलो, आप ही सिखाइए!’

झालं. दर रविवारी दहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये माझा फोटोंचा दरबार भरू लागला. लोक आपापले फोटो आणायचे, मी दोष सांगायचो, मागच्या बाजूला लाल शाईनं शेरा लिहायचो आणि दहापैकी गुण द्यायचो. याला मी ‘विधायक टीका’ म्हणत असे. विधायक म्हणजे काय, तर माणूस रडायच्या आत थांबायचं.

‘खन्नाजी, ये ताजमहल आपके सिर में से क्यों निकल रहा है?’

‘बिल्कुल सही!’ खन्ना हसायचे. सगळे हसायचे. ज्याचा फोटो त्याच्याकडे मात्र मी कधी बघितलं नाही. वेळच कुठे होता?

अशाच एका रविवारी सुनंदा जाधव आली. आमच्याच जिन्यात तळमजल्यावर राहायची. साताऱ्याकडची. नवरा फौजेत नायब सुभेदार, तेव्हा वर कुठंतरी बर्फात. सोबत सासूबाई. त्या गावी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्यांना दिल्लीच्या लष्करी इस्पितळात आणून ऑपरेशन केलं होतं. हे सगळं मला माहीत होतं बरं का! इस्पितळातून घरी येताना त्यांना टॅक्सीतून उतरवून घ्यायला मीच तर हात दिला होता.

तिनं एकच फोटो आणला होता. भिंतीपासून हातभर पुढे सासूबाई उभ्या. नऊवारी, डोक्यावर पदर, बांबूसारख्या ताठ. डावीकडे अर्धा गॅस सिलिंडर. उजवीकडे फ्रिज. डोक्यावर मोकळी भिंत. खाली अनवाणी पाय आणि त्यांच्यापुढे फरशीच फरशी.

‘काका, एवढंच सांगा. सगळं नीट दिसतंय ना?’

‘सगळं दिसतंय, हाच तर घोळ आहे!’ मला सूर सापडला. ‘हा सिलिंडर कशाला? फ्रिज विकायचाय का? एवढ्या लांबून आईंचा फोटो काढतात? जवळ जायचं, जवळ! माणूस चेहऱ्यात असतो, पायांत नाही.’

‘पण काका, ह्यांनी लिहिलंय की...’

‘ह्यांनी लिहिलंय! ते सीमा सांभाळतात ना? त्यांना ती सांभाळू दे. फोटोचं मी बघतो.’

हॉल हसला. सुनंदाही हसली, बेतानं.

‘खन्नाजी, कैंची!’

आणि सगळ्यांदेखत मी तो फोटो कापला. सिलिंडर गेला, फ्रिज गेला, फरशी गेली. उरला एक सुरकुतलेला चेहरा आणि दोन डोळे. ‘देखिए,’ मी म्हणालो, ‘अब ये फोटो बोल रहा है.’ टाळ्या! मागे लाल शाईनं लिहिलं, ‘आता डोळ्यांतलं दुःख थेट पोचतं. १० पैकी ८.’ तोवर एवढे गुण मी कोणालाच दिले नव्हते.

सुनंदानं वाकून खाली पडलेला तुकडा उचलला आणि पदराच्या टोकाला बांधला. मला वाटलं, मुलगी स्वच्छतेची आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाधवांच्या तुकडीतला एक जवान रजा संपवून परत निघाला होता. त्याच्याबरोबर पत्र धाडायचं होतं. दुसरी प्रत काढून आणायला वेळ नव्हता. शिवाय पेपरातले काका म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. तिनं पाकिटात तोच चेहरा घातला; कापलेला तुकडा पदराच्या गाठीतच राहिला.

तीनेक आठवड्यांनी फोन वाजला. जिन्यात फोन फक्त आमच्याकडे, म्हणून जाधवांकडे आमचा नंबर होता.

‘टिपणीससाहेब का? जाधव बोलतोय. आईचा फोटो मिळाला.’

‘कसा वाटला?’ दुसरं काय विचारणार मी?

नुसती खरखर. मग, ‘साहेब, पाय का दिसत नाहीत?’

घ्या! सगळे हौशी लोक सारखेच. चांगलं काम करून द्या, हे फरशी शोधणार. ‘कारण त्यांची गरज नव्हती,’ मी म्हणालो.

‘कुणी ठरवलं?’

‘मी. पाच मिनिटांत काम झालं.’

‘तुम्ही? आणि... आईला विचारलं न्हाई?’

‘त्यांना काय विचारायचं? अशा वेळी जाणकारानं निर्णय घ्यायचा असतो. सुरुवातीला जड जातं लोकांना. मग सवय होते.’

पलीकडे काहीतरी बोलल्यासारखं वाटलं आणि लाइन तुटली.

‘कोण होतं?’ आमची ही कणकेचे हात घेऊन बाहेर आली.

‘जाधव. माझ्याशी वाद घालत होते. आईचे पाय का काढले म्हणे!’

ती जागच्या जागी थांबली. ‘अहो, तुम्ही फोटोतल्या पायांबद्दल बोलताय, हे त्यांना माहीत होतं का?’

मी चपलाही न घालता दार उघडलं.

आम्ही दोघं धावत खाली गेलो. सुनंदानं सगळं ऐकून घेतलं आणि बसायला वेताचा मोढा पुढे केला. मला बसायचीच गरज होती.

‘काका, आमच्याकडं फौजेतल्या माणसाला वाईट काही कळवत नाहीत. तो तिथं एकटा, काळजी करत बसेल म्हणून. मामंजी गेले तेव्हा गावाकडून ह्यांना दोन पत्रं गेली होती, सर्व खुशाल म्हणून. महिन्यानं खरं कळलं. तेव्हापासून ह्यांचा कागदावर विश्वास नाही. आईचा पाय कापावा लागेल, ही धास्ती ह्यांना ऑपरेशनपासूनच. ह्यांनी लिहिलं होतं, आईचा पाय वाचला हे तू लिहू नकोस, डॉक्टरनंही लिहू नये. ती भिंतीला न टेकता, काठी न धरता, स्वतःच्या पायांवर उभी असलेली मला दाखव.’

म्हणजे बघा! सासूबाई भिंतीपासून पुढे का होत्या? आधार नाही हे दिसावं म्हणून. सिलिंडर का आला? डोक्यापासून बोटांपर्यंत सगळं मावावं म्हणून ती पोर मागे मागे सरकत ओट्याला पाठ लावून उभी होती. मी ज्याला दोष म्हणालो, त्यातली एकेक गोष्ट तिनं विचार करून केली होती. तिच्या फोटोत काय नव्हतं? फक्त तो बघणाऱ्याला अक्कल नव्हती.

आणि मी कोण? सरकारी पत्रक हातात आलं की त्यात काय लिहिलंय ते नंतर, काय गाळलंय ते आधी बघणारा माणूस! त्या बर्फातल्या सुभेदारानं तेच केलं होतं. कापलेली कड बघितली आणि विचारलं, इथं काय होतं? माझ्यापेक्षा पक्का बातमीदार तो निघाला. मी मात्र त्या पोरीला एक साधा प्रश्न विचारला नव्हता की बाई, हा फोटो तू कोणासाठी काढलास?

पण पश्चात्ताप झाला म्हणून माणूस शहाणा होतो, असं तुम्हाला वाटत असेल तर ऐका पुढे.

जाधवांना उलट फोन लागेना. मी रिक्षा करून तार-ऑफिसात गेलो आणि तार ठोकली, ‘आई उत्तम. दोन्ही पाय शाबूत. काळजी नसावी.’ तार घेणाऱ्या बाबूनं मजकूर दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ‘घर में सब ठीक है ना, साहब?’

तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही! अहो, खुशाली कळवायला कोणी तार करतं का?

सहाव्या दिवशी सकाळी टँकर आला होता. खाली ही झुंबड. मी बादली घेऊन रांगेत. गेटपाशी ऑटो थांबली आणि जाधव उतरले. दाढी वाढलेली, हातात ट्रंक. कोणाकडे न बघता, पाय ओढत ते आपल्या दाराकडे निघाले. दार चार पावलांवर आलं तेव्हा तर अगदीच थबकले. आत जायचा धीर होत नव्हता त्यांना.

तेवढ्यात टँकरच्या पलीकडून आवाज आला, ‘ओ खन्ना! लाइन में आव! हम सुबह से उभे हैं!’

एका हातात काठी, दुसऱ्या हातात रिकामी बादली आणि समोर खन्ना, मागे मागे सरकणारे.

जाधव वळले. त्यांनी आईच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही हो. खाली बघितलं. कितीतरी वेळ खालीच बघत राहिले. मग ट्रंक जमिनीवर ठेवली आणि भर रस्त्यात तिच्यावर बसले.

‘दत्ता? आरं, तू कसा आलास?’ म्हातारी दोन पावलं पुढे आली. ‘आला हाईस तर बादली धर.’

त्यांनी बादली धरली. रडत रडत धरली. खन्नांनी गुपचूप आपला नंबर सोडला.

मी माफी मागितली. जाधव म्हणाले, ‘चालायचंच साहेब. फोटो बघून, फोन करूनही थोडी आशा होती. मग तुमची तार आली. ती आमच्या साहेबांनी वाचली आणि उभ्या उभ्या रजा मंजूर केली.’ ती त्यांनी दिवाळीसाठी राखून ठेवलेली रजा होती. त्या दिवाळीला जाधव घरी नव्हते. हे मी हसत सांगू शकत नाही, म्हणून पुढे सरकतो.

‘पण मावशी,’ मी म्हातारीला विचारलं, ‘फोटोत तुमच्या डोळ्यांत एवढं दुःख कसलं होतं?’

‘दुःख कसलं वं भाऊ! नळाला पाणी आलं हुतं. आन् ही बया मला उभी करून मागं मागं सरकतीय!’

परत जाण्याआधी जाधवांना तिघांचा एक फोटो हवा होता. सुनंदानं कॅमेरा माझ्या हातात दिला. ‘काका, तुम्हीच काढा.’

इथं एक कबुली. तोवरच्या आयुष्यात मी कॅमेऱ्याचं बटण एकदाही दाबलं नव्हतं! फोटो आमचा फोटोग्राफर काढायचा, मी फक्त त्याला सूचना द्यायचो. पण या वेळी माझा निश्चय होता. काहीही होवो, पाय आले पाहिजेत! तिघं ओळीत उभे राहिले. मी पायांवर नजर रोखली, कॅमेरा खाली धरला, अजून जरा खाली, श्वास रोखला आणि दाबलं.

प्रिंट आली तेव्हा जाधव परत गेले होते. सुनंदाच्या स्वयंपाकघरात मी पाकीट उघडलं. सहा पाय! अगदी स्पष्ट! बोटं मोजून घ्या, तीस! आणि वर? जाधवांच्या शर्टाचं दुसरं बटण, सुनंदाचं मंगळसूत्र आणि म्हातारी बुटकी असल्यामुळे तिची हनुवटी.

सुनंदा फोटोकडे बघत राहिली. मी आयुष्यात पहिल्यांदा निकालासाठी उभा होतो. शेवटी ती म्हणाली, ‘फरशी छान आलीय, काका.’

म्हातारीनं फोटो घेतला. लांब धरला, जवळ धरला, मग परत माझ्या हातात दिला.

‘बरं झालं भाऊ. ह्या बारीला कात्री न्हाई लागली. काढतानाच उरकलंसा.’