पुरण्याआधी नाव

मिलिंद गेल्याचा फोन त्याच्या बहिणीने, करुणाताईंनी केला, तेव्हा मी बदलापूरला रिक्षात बसून चालकाला देवमाशाची शेपटी केवढी असते ते दाखवत होतो. दोन्ही हात रिक्षाबाहेर काढून! फोन ठेवला. "मग पुढे काय झालं, साहेब?" त्याने विचारलं... मी दोन्ही हात आत घेतले.

आम्ही अंबरनाथ एमआयडीसीतल्या एकाच कंपनीत, मोरिवलीतल्या एकाच इमारतीत. समुद्र कोसो दूर; तरी सुट्टी मिळाली की हा कोकण किनाऱ्यावर. वाहून आलेला डॉल्फिन असो, देवमासा असो की नुसतं एखादं हाड, जात कोणती ते हा सांगणार. हौसेने शिकला, पुढे वनखातंच त्याला बोलावू लागलं. एका कॉलेजच्या संग्रहालयासाठी, रीतसर परवानगीने, तो हाडं साफ करून द्यायचा. त्यासाठी ती आमच्या गच्चीवर पिंपात, पाण्यात कुजत ठेवायची!

मग वास सुटला. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी पाटीलकाका गरजले, "कंपनीने पुन्हा गॅस सोडलाय. मोर्चा काढू!"

मिलिंद हात वर करून उभा राहिला. "काका, कंपनीचा नाही. माझा देवमासा आहे, गच्चीवर."

"बघा, बघा! पगार खातो ना तिथला, पाठीशी घालतोय!"

मी टाळ्या वाजवून पाटीलकाकांना अनुमोदन दिलं. जिन्यात मिलिंदने मला गाठलं. "नाटक्या, पुढच्या वेळी पिंपात तुलाच घालतो."

एकदा त्याने मलाही किनाऱ्यावर ओढत नेलं. खड्डा तयार, सगळ्यांच्या नाकाला रुमाल, आणि हा गुडघे टेकून वाहून आलेल्या कुजक्या धुडाची कवटी न्याहाळतोय. कुणीतरी ओरडलं, "सर, पुरूया की! मेल्यावर नावाचं काय करायचंय त्याला?"

"नावाशिवाय पुरायला तो काय बेवारस आहे?" मिलिंद म्हणाला. त्याला स्वतःला बायको नाही, पोरं नाहीत. तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं...

आता गच्चीवर वास नाही. पाटीलकाका म्हणतात, कंपनी सुधारली. करुणाताईंना ते मेलेल्या जनावरांचे फोटो बघवेनात, म्हणून मिलिंदचा फोन माझ्याकडे आलाय.

परवा त्यावर किनाऱ्यावरून कुणाचा तरी फोटो आला. ओल्या वाळूवर करड्या रंगाचा लहानसा देह, शेजारी एक चप्पल. आकार कळावा म्हणून चप्पल ठेवायची सवय मिलिंदनेच साऱ्या किनाऱ्याला लावली. त्याचा फोन परक्यांच्या चपलांनी भरलाय. खाली लिहिलं होतं, "सर, खड्डा खणलाय. कोण आहे हा?"

मी लिहिलं, "सर गेले."

मग दुसरा फोटो. काडीने तोंड उघडून धरलेलं, आत बारीक दातांची रांग. "तुम्ही बघा मग."

मिलिंद दातांवरून जात ओळखायचा, म्हणून दात मोठे करून पाहिले. टोकदार की चपटे, मला ठरवेना. एरवी मी काहीही ठोकून दिलं असतं. "थांबा," एवढंच लिहिलं.

तिकडे ती माणसं खड्ड्याशी थांबली. इकडे मी, त्याचा फोन हातात धरून.