महापरसादाची अर्धी गोळी

१९५६ सालच्या जानेवारीतला मंगळवार. सकाळी सव्वासातला गोंदियाजवळच्या नागऱ्यातल्या एका ओसरीवर यादोराव कंपाउंडर मनिरामच्या दंडावरच्या चट्ट्याला कापसाची वात टेकवत होते. मनिरामने डोळे मिटून, वात लागेल तिथे बोट ठेवायचे.

दर वेळी बोट बरोबर पडले.

यादोराव चक्रावले; महारोगाच्या बधिर चट्ट्याला एवढ्यात स्पर्श कळायला नको होता. महारोगावर कडूकवठीच्या तेलाची जुनी सुई बरी की नवी सल्फोनची गोळी, हे तपासायला दिल्लीच्या सरकारने गोंदियाच्या डॉक्टरांना वर्षाचे अनुदान दिले होते. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या रोग्यांना सुई, अर्ध्यांना घरी न्यायला गोळ्या. यादोराव जबलपूरच्या लष्करी इस्पितळात सुई टोचायला शिकले, नंतर खासगी दवाखान्यात मलमपट्टी करत राहिले. सरकारी नोकरी ही पहिलीच, आणि तीही याच अनुदानावर. पुढचे वर्ष अहवाल पाहून ठरणार होते.

मनिराम सुईवाला. आतापर्यंत तपासलेल्या बाकी सुईवाल्यांत एवढा फरक कोणालाच नव्हता.

"काऊन रे, दुसरं काही खाऊन राहिला का?"

"महापरसादाची अर्धी गोळी, जी."

"त्याची गोळी तू कायले खाल्ली?"

"त्यानं खावं अन् म्या पाहावं?"

शेजारी गोळीवाला भोजराज बसला होता. दोघांनी देवळात एकमेकांना प्रसाद भरवून मैत्र बांधले होते. तेव्हापासून एकमेकांचे नाव न घेता 'महापरसाद' म्हणत होते आणि वाटून खाल्ल्याशिवाय काही खात नव्हते.

"म्या सुईबी अर्धी मागतली होती," भोजराज म्हणाला. "ह्यालेच वाटता नाही आली."

ओसरी हसली. यादोराव हसले नाहीत. गप्प राहिले तर अहवाल देखणा दिसणार होता, पण गोळीचा गुण तेलाच्या नावावर जाणार होता.

"आणखी कोण कोण महापरसाद आहे?"

चार हात वर झाले. त्या दोन जोड्यांतही एक सुईवाला, एक गोळीवाला.

दुपारी गोंदियाला डॉक्टरांनी सगळे ऐकून कपाळाला हात लावला. "यादोराव, ये तो पूरी खिचड़ी हो गई!"

"हो जी. दिल्लीले काय सांगाचं?"

"जे झालं तेच."

अहवालातून सहा जणांचे आकडे कारणासह वगळले. पुढच्या वर्षी मैत्राच्या जोडीची चिठ्ठी एकच असेल, असे डॉक्टरांनी खाली लिहिले. अनुदान मिळेल की नाही, ते मार्चमध्ये कळणार होते.

घरी न्यायच्या गोळ्या मात्र त्याच दिवशी बंद झाल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला यादोराव ओसरीवर पाण्याची बादली घेऊन बसणार होते. गोळी त्यांच्यासमोरच गिळायची.