न पिलेलं पाणी

मला तर त्या पाहुण्याचा पहिल्यापासून संशय. लातूर जिल्हा नवानवा झालेला, त्यात दुष्काळ. जिथं चिटपाखरू फिरकत नव्हतं तिथं हा गोरा परदेशी माणूस उदगीरला येऊन आमच्या बंद डाळमिलमध्ये भागीदारी मागतोय. म्हणे बाहेरून तूर आणीन, नवं यंत्र बसवीन. फुकट कोण कुणासाठी एवढं करतं हो?

मी नांदेडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची, म्हणून दुभाषी मी. मिलच्या फाटकाशी डाळ निवडणाऱ्या बाया रोज येऊन बसायच्या. मिल उघडली तर त्यांना काम, न्हाई तर दुष्काळी कामावर खडी फोडणं. मला बघितलं की विचारायच्या, "ताई, जमून राहिलं का?"

पाहुणा बैठकीत टेकला. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, गुळाचा खडा अन् तांब्याभर पाणी पुढं केलं. पहाटेपासून टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेलं पाणी ते. ह्या बाबानं गूळ खाल्ला अन् तांब्या हातानंच मागं सारला! वर खांद्याच्या वॉटरबॅगेतलं स्वतःचं पाणी प्याला.

आप्पांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, मागं सारलेल्या तांब्याकडं बघितलं. आमच्याकडं वैरी दारात आला तरी पाणी देतात, अन् ज्याला सोयरीक करायची नसते तोच पाणी घेत न्हाई. पाहुणा तासभर यंत्राचं गुणगान गात होता. आप्पा नुसतं हं, हं. तोंडावर नकार द्यायची आमच्यात रीत न्हाई.

तो हात धुवायला अंगणात गेला तसं मी गाठलंच. "आमच्या घरचं पाणी का नाकारलंत?" माझा आवाज चढला होता. तो बिचारा लालेलाल झाला. म्हणाला, "येताना टँकरजवळ बायांची रांग बघितली. तुमच्या वाट्याचं पाणी मी कसं पिऊ?"

अगं बाई! मी उगीच नाही नाही ते मनात आणलं होतं. पाणी नाकारणं म्हणजे आमच्यात नातंच नाकारणं, हे त्याला समजावलं. तसा तो आत गेला, अव्वाकडून तांब्या मागून घेतला अन् घटाघटा रिकामा केला. अव्वा पदराआड हसली.

मी आप्पांना कानात सगळं सांगितलं. वाटलं, आता विरघळतील.

"म्हणजे आमची कीव आली त्याला," आप्पा म्हणाले. "दुष्काळ गावावर पडला असंल, आमच्या उंबऱ्यावर न्हाई. अन् आता पिला ते तू सांगितल्यावर. उद्या धंद्यात दरवेळी सांगायला तुला कुठनं आणू?"

"अहो, पण तो मनानं चांगला हाय!"

"मी कुठं वाईट म्हणलो? वाढा त्याला."

मला असा संताप आला! ताट आपटावंसं वाटलं. पाहुणा मात्र भाकरी अन् शेंगाची चटणी मागून मागून जेवला, आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला अन् काम फत्ते झाल्यासारखा हसत गेला.

सकाळी फाटकाशी बाया होत्याच.

"ताई, पाहुणा जेवला का?"

"हाव, पोटभर."

त्यांच्यातली म्हातारी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "अन् पाणी? आल्या आल्या घेतलं का नंतर?"

"नंतर," मी म्हटलं.

तिनं पदर झटकला अन् बाकीच्यांना म्हणाली, "उठा गं. खडीवर नाव घालायला जाऊ."