तात्यांचा उजर

तात्या कागदावरची एकही ओळ गाळत नसत. निजामीच्या अखेरच्या वर्षांत आम्ही दोघं किनवटच्या जंगल कचेरीत पेशकार, म्हणजे कारकून होतो. सागवानाच्या जंगलाचा हर्रास, म्हणजे लिलाव असला की अटी वाचून दाखवायचं काम त्यांचं. दुसरा कुणी असता तर तीन पानं दोन दमात उरकली असती. तात्या उभं राहून आधी उर्दूत आणि मग जमलेल्या लोकांसाठी मराठीत, सगळं खणखणीत वाचायचे. उन्हात बसलेले ठेकेदार वैतागायचे. एकाला ते म्हणाले होते, "तुम्हाला आवडंल तेवढंच वाचायला मी कीर्तनाला न्हाई उभारलो."

त्यातली एक अट नात्याची होती. हर्रास करणाऱ्या किंवा मंजूर करणाऱ्या हुद्देदाराचा नातलग बोलीला असेल तर त्यानं तसं आधी सांगायचं, नाहीतर बोली बाद. ही ओळ आली की सगळे जांभया द्यायचे. मोहाच्या फुलांच्या हर्रासाला तात्यांचा सख्खा मेव्हणा आला, तेव्हा तात्यांनी नातं स्वतःच जाहीर केलं, कागद माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसले. मेव्हणा चिडून निघून गेला. वहिनींनी आठ दिवस अबोला धरला. "लई निवांत गेले आठ दिवस," असं तात्या वर आम्हाला सांगत.

अटी संपल्या की 'कुणाचा उजर?' असं तीनदा विचारायची रीत होती. उजर म्हणजे हरकत. ती कागदावर चढली की हर्रास त्या दिवसापुरता थांबलाच पाहिजे. पण माझ्या नोकरीत तोवर कुणी ब्र काढलेला नव्हता.

त्या वर्षी सगळ्यात मोठ्या जंगलासाठी हैदराबादहून एक नवा इसम आला. बोली मंजूर करणाऱ्या मंत्र्यांचा तो जावई, हे कचेरीतल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. आमच्या साहेबांनी, म्हणजे मोहतमीमांनी, तात्यांना बोलावून ती ओळ तेवढी सोडायला सांगितलं. तात्या कागद उचलून बाहेर आले. साहेबांना वाटलं, समजलं.

तात्यांनी ती ओळ दोनदा वाचली. जावईबापू विडा चघळत बसून राहिले. तात्यांनी विचारलं, कुणाचा उजर? कुणी बोललं नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा विचारून त्यांनी डोक्यावरची सरकारी दस्तार काढून टेबलावर ठेवली, टेबलाला वळसा घालून लोकांत जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझा उजर हाय. आता मी पेशकार न्हाई, रयत हाय. हे गृहस्थ मंत्रीसाहेबांचे जावई हायती. जंगल देणारा सासरा अन् घेणारा जावई, मग आम्ही इथं कशाला बसून राहिलो?"

हर्रासाची नोंद मी लिहीत होतो; साहेब माझ्याकडे वळले आणि लिहू नका म्हणाले. मी लेखणी खाली ठेवली, खोटं कशाला सांगू. घरी चार तोंडं होती. तात्या लांबूनच म्हणाले, "गणपतराव, तुमच्यावर जोर न्हाई."

त्यांनी असं म्हटलं नसतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. मी लिहिलं, खाली सही केली. हर्रास थांबला.

माझी बदली झाली आणि तात्यांची नोकरी गेली. जावयाच्या नात्याबद्दल माझी ऐकण्यात चूक झाली, असं लिहून दिलं तर नोकरीत परत घेऊ, असा त्यांना निरोप आला होता. तात्यांनी निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि कागद कोराच परत धाडला. ते शिरूर अनंतपाळला गेले, तिथं लोकांचे अर्ज लिहून देऊ लागले.

वर्षभरानं मी त्यांना भेटायला गेलो. सांगू की नको असं करत अखेर सांगितलं, की ते जंगल शेवटी जावयानंच घेतलं, आपल्या मुनिमाच्या नावावर. मला वाटलं, तात्या खचतील.

तात्यांनी हातातला अर्ज बाजूला ठेवला आणि हसून म्हणाले, "घेऊ द्या. पण मंत्र्याच्या जावयाला सोताचं नाव लपवावं लागलं का न्हाई?"