खोट्या खोलीतले हात

भिंगरी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी जेवायला बसली की चार घासांत तीनदा उठायची, म्हणून काकाने ते ठेवलं आणि ते असं चिकटलं की पुढे लग्न झालं, मूल झालं, डोक्यावर पांढरे केस आले, तरी सुटलं नाही. कॉलेजात ती मॅडम होती. पण विद्यार्थी फार हुशार असतात, विशेषतः नको तिथे, आणि तिच्या पाठीमागे तेही भिंगरीमॅडमच म्हणत. तिला ते माहीत होतं. एकदा फळ्याकडे तोंड करूनच तिने सांगून टाकलं, "भिंगरीला कान चारी बाजूंना असतात."

ती ऑस्टिओपॅथी शिकवायची. म्हणजे हातांनी पाठ, मान, कंबर चाचपायची, कुठे आखडलंय ते शोधायचं आणि दाबून, ताणून, हलकेच वळवून ते मोकळं करायचं. औषध नाही, सुई नाही, जे काही आहे ते दहा बोटांत. कॉलेजच्या तळमजल्यावर दवाखाना होता. पडदे लावलेल्या खोल्या, रेक्झिनची उंच टेबलं, त्यांच्यावर पसरायचा कागदाचा रोल आणि कोपऱ्यात एक सांगाडा, ज्याची खालची बरगडी कुणीतरी केव्हाच पळवली होती. इथे भिंगरीच्या चुळबुळीला काम मिळालं होतं. घरी तिचे हात टेबलावर ताल धरायचे, पडद्याची शिवण उसवायचे, वर्तमानपत्राच्या कडा कुरतडायचे. रुग्णाच्या पाठीवर मात्र तेच हात शहाणे व्हायचे. मॅडमच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत, आणि ती वरवर "छे, छे" करून आतून फुलून जायची. का नाही फुलणार? उभी हयात त्यातच घातली होती.

मग लांब्याने तो अभ्यास काढला.

लांब्या हा तिचाच जुना विद्यार्थी, आता कॉलेजचं संशोधन बघणारा. उंची एवढी की दारातून येताना सवयीने वाकायचा, दार कितीही उंच असो. त्याचं म्हणणं साधं होतं. आपल्या हातांनी गुण येतो असं आपण म्हणतो ना, मग एकदा दाखवूनच देऊ. कंबरदुखीचे रुग्ण घ्यायचे आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीन गट करायचे. एका गटाला खरा उपचार. दुसऱ्याला नकली, म्हणजे तेच टेबल, तेवढाच वेळ, हात त्याच जागांवर ठेवायचे, पण करायचं काहीच नाही. तिसऱ्या गटाला सांगायचं, तुमचा नंबर नंतर लागेल. तुमच्या वाट्याला नकली उपचारही येऊ शकतो, हे रुग्णांना आधी सांगून त्यांची संमती घ्यायची, फक्त काय आलंय ते कळू द्यायचं नाही. शेवटी कुणाचं दुखणं किती कमी झालं ते ताडून बघायचं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. उपचार करणाऱ्यांच्याही चिठ्ठ्या टाकल्या आणि नकली उपचार नेमका भिंगरीच्या वाट्याला आला. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. "अहो, या बाई झोपेतसुद्धा कुणाची तरी मान मोकळी करत असतील!" शरीररचना शिकवणारे सर म्हणाले. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकून घरी आला तरी थट्टेला त्याच्याकडे ताकद उरायची. "तू आणि गप्प उभी राहणार? तिकीट लावा, मी पहिल्या रांगेत बसतो," तो म्हणाला.

रुग्णांच्या माघारी अभ्यासाच्या दोन खोल्यांना लगेच नावं पडली, खरी खोली आणि खोटी खोली.

खोटी खोली ही शिक्षाच होती. नुसतं दाबलं नाही म्हणजे झालं, असं नसतं ते. शिकलेला हात पाठीवर पडला की आपणहून ऐकायला लागतो, कुठे ताठ आहे, कुठे सैल आहे, आणि ऐकता ऐकता बोट कधी रुतलं ते ज्याचं त्यालाही कळत नाही. म्हणून लांब्याने उपाय सांगितला होता की मन दुसरीकडे गुंतवा, आकडे उलटे मोजा. भिंगरी एकोणतिसाचा पाढा उलटा म्हणायची. दोनशे नव्वद, दोनशे एकसष्ट, दोनशे बत्तीस. चुकली की पुन्हा वरून. सगळी अस्वस्थता खाली उतरून बुटात जायची, पायाची बोटं आत अशी वळवळायची की मोज्यांना भोकं पडली. हात मात्र जागचे हलले नाहीत.

बेकरीतला एक भट्टीवाला यायचा. मैद्याची पोती उचलून उचलून त्याच्या कंबरेचं लाकूड झालं होतं. डाव्या बाजूला, बरोबर तिच्या मधल्या बोटाखाली, हरभऱ्याएवढी गाठ लागायची. एक दाब, नुसता एक श्वासभर दाब दिला की ती सुटली असती. तिला घाम फुटला. दोनशे तीन, एकशे चौऱ्याहत्तर. तिने दाबलं नाही. पुढल्या खेपेला भट्टीवाला दारातूनच हसत आला. "बाई, काय जादू केलीत हो? परवा स्वतः वाकून बुटाची नाडी बांधली. बायको बघतच राहिली." भिंगरीला आनंद व्हायला हवा होता, पण तिला आधी ती गाठ बघायची होती. तो टेबलावर पालथा झाला तेव्हा गाठ होती तिथेच होती.

निकालाच्या दिवशी लांब्याने सगळ्या शिक्षकांना बसवून पडद्यावर तीन रेघा दाखवल्या. थांबायला सांगितलेल्यांची रेघ सपाट, दुखणं होतं तेवढंच. खऱ्या खोलीची रेघ चांगली खाली आलेली. आणि खोट्या खोलीची रेघ तिला अगदी खेटून, जुळ्या बहिणीसारखी. लांब्याने उगाचच चष्मा पुसला आणि दिवे लावले.

त्यात वेळ अशी की अभ्यासक्रमाची मान्यता पुन्हा तपासायला परिषदेची माणसं यायची होती. या हातांच्या विद्येत काही दम आहे की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि लांब्याचा अभ्यास ते मागणारच होते. मान्यता गेली तर शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या पदवीला कोण विचारणार? आणि त्या मुलांत भिंगरीची एकुलती एक लेक होती.

प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. लांब्या आधीच तिथे बसला होता. प्राचार्य गोड बोलण्यात पटाईत, वाईट बातमीलाही साखर लावून द्यायचे.

"मॅडम, तुमच्यासारखा हात आख्ख्या कॉलेजात नाही. तो हात पाठीवर नुसता पडून राहिला, हे मला काही पटत नाही. थोडाफार हलला असेल. नकळत."

"म्हणजे?"

"म्हणजे नकली उपचार नकली राहिलाच नाही. तुम्ही एवढं शिक्षकांच्या बैठकीत सांगितलंत की हा अभ्यास बाद. पुढे निवांत नवा करू. कुणाचं काही अडत नाही."

तिने लांब्याकडे बघितलं. त्याची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती, तरी त्याचे डोळे 'हो म्हणा, मॅडम' म्हणत होते. तोही शेवटी याच विद्येवर वाढलेला. विचार करून सांगते, असं म्हणून ती उठली आणि दरवाजा ढकलायचा की ओढायचा, तेच तिला आठवेना.

त्यानंतर घरात तिचा पाय ठरेना. नळ बंद आहे का ते बघायला उठायची, बघून येऊन बसायची, मग नळ खरंच बघितला की नाही म्हणून पुन्हा उठायची. खोटं बोलायचं की खरं, एवढाच प्रश्न असता तर ती तडक मोकळी झाली असती. पण तिला स्वतःलाच ते हवं होतं. हात हलले असते तर किती बरं झालं असतं! नसतील हलले, तर इतकी वर्षं ती करत होती ते काय होतं? दाबून, ताणून, घाम गाळून जे होतं, तेच नुसते हात ठेवून होत असेल, तर बाकीचं सगळं नाटकच म्हणायचं का? भट्टीवाल्याची पाठ ती पुन्हा पुन्हा आठवून बघायची. एकदा वाटायचं, दिला असेल बुवा दाब. मग त्या आठवणीची तिलाच लाज वाटायची.

बैठकीच्या आदल्या दुपारी लेक वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, सगळे म्हणतायत तुझे हात हलले."

"सगळे होते का तिथे?"

"तुला तरी कसं कळणार? आत्ता बघ." भिंगरीने खाली बघितलं. टॉवेलच्या कडेचे निम्मे धागे तिने ओढून काढले होते. "चल, बघूच," लेक म्हणाली, आणि जमिनीवर सतरंजी टाकून पालथी झाली. "खोट्या खोलीत ठेवायचीस तसे ठेव. हलले तर मला कळेल."

कळलंच असतं. पोरीची पाठ आता स्पर्श ओळखायला तयार होती आणि ती तयार करणारी आईच होती. भिंगरी गुडघ्यांवर बसली, हात ठेवले आणि मनात पाढा सुरू केला. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायला बघत होतं आणि ती पुन्हा पुन्हा गचके खाऊन बंद पडत होती. लेक आधी ताठ होती, चोर पकडायला बसल्यासारखी. मग तिचे खांदे उतरले, श्वास लांबला, पाठ पसरत गेली. भिंगरीने काहीही केलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने लेक उठून बसली. तिचे डोळे ओले होते.

"नाही हलत," ती म्हणाली.

"मी तेच तर सांगत होते."

"बरं वाटलं पण. खूप बरं वाटलं." हे ती रागानेच म्हणाली. मग घडी केलेला शर्ट उलगडून पुन्हा त्याचीच घडी घालायला लागली आणि आईकडे न बघता म्हणाली, "बैठकीत मात्र हलले म्हण."

बैठकीत प्राचार्यांनी प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच तयार होतं. भिंगरीने फक्त मान हलवायची होती.

"नाही हलले," ती म्हणाली.

"मॅडम, माणूस आहे, नकळत..."

"सर, हलले म्हणायचं असंच ठरवून आले होते मी. सकाळी आरशासमोर म्हणूनही बघितलं. पण तो भट्टीवाला बरा झालाय. वाकतोय. मी काही केलं नाही आणि तो बरा झाला. का, ते मला कळत नाही, ह्या लांब्यालाही नाही, तुम्हालाही नाही. आता मी हलले म्हटलं, तर ते कुणालाच कधी कळणार नाही."

प्राचार्य खिडकीबाहेर बघायला लागले. लांब्या पेनाचं टोपण काढून हळू आवाजात म्हणाला, "तसंच नोंदवतो." त्याच्यावर तिला रागही आला आणि मायाही आली.

लेक बाहेर बोळात उभी होती, अंगात पांढरा कोट.

"काय सांगितलंस?"

"नाही हलले म्हणून."

"जन्मात कधी एका जागी गप्प उभी राहिली नाहीस," लेक म्हणाली, "आणि राहिलीस ती नेमकी तिथे?"

भिंगरी तिच्या कोटाची कॉलर नीट करायला लागली.

"पदवीचं मरू दे. मला एवढंच सांग, आई. उद्या कुणी कंबर धरून माझ्यासमोर आलं, तर मी हात कुठे ठेवू? ठेवून काय करू? चार वर्षं शिकवलंस ना, मग सांग."

विद्यार्थ्याने विचारलं आणि भिंगरीने उत्तर दिलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. येत नसलं तरी दोन वाक्यं रेटून न्यायची.

"मला माहीत नाही गं," ती म्हणाली.

एवढ्यात दवाखान्यातून तिला हाक आली. रुग्ण येऊन टेबलावर पालथा पडला होता, पाठ उघडी, तोंड खाली. भिंगरी आत गेली. लेकही मागोमाग आली आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली. दोघींनी हात धुतले, चोळून गरम केले. "सुरू करा ना," तो माणूस म्हणाला. दोघींपैकी कुणालाच आधी हात ठेवायचा धीर होईना.