खुन्याच्या आईचं जेवण

लँकेस्टरहून न्यूजर्सीला परतताना ट्रेनमध्ये माझ्या शेजारी एक आमिश बाई होत्या. मोटार नाही, टीव्ही नाही, जुन्या रीतीने शेती करून राहणारी ही माणसं. निळा झगा, पांढरी टोपी, मांडीवर फडक्यात बांधलेला घरचा पाव. वयाने माझ्या मावशीएवढ्या. आणि माझ्या हातात नेमकी आमिश गावातल्या खुनाची कादंबरी! मी कव्हर झाकायला गेले, पण त्यांनी पाहिलंच. चित्रातल्या टोपीवालीचे रंगवलेले ओठ बघून त्या खुदकन हसल्या.

"इतकं नटून गोठ्यात कोण जातं?"

मग अर्धा पाव मोडून माझ्या हातावर ठेवला. "कोण मेलं?"

"एक शेतकरी. शेजारच्यानेच मारलं."

"मेलेल्याच्या घरी लोकांनी जेवण नेलं ना?"

"नेलं." आपल्याकडे पिठलं-भात नेतात, तसंच.

"आणि मारणाऱ्याच्या आईकडे?"

मी उरलेली पानं घाईघाईने वाचली. बेड्या पडल्या, पोलिसांची गाडी गेली, पुस्तक संपलं.

"तिच्याकडे कोणीच गेलं नाही," मी म्हटलं.

"मग संपलं कसं?" टोपीची नाडी बोटाभोवती गुंडाळत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

अजूनही टीव्हीवर खुनी सापडला की घरातले सगळे उठतात. मी बसून राहते. कुठेतरी एका बाईची चूल पेटलेली नसते आणि तिचं दार कोणी वाजवलेलं नसतं.